पंप फिरत होता

माझा मोठा भाऊ सैन्यातून वाहनांचा इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाला आणि त्याने पलूसबाहेर, तासगावकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, एका शटरचं गॅरेज टाकलं. घर गॅरेजच्या मागेच. इंजिन उघडायचं काम तो घेत नसे. फक्त वायरिंग. बोर्डावर एवढंच लिहिलेलं होतं. ट्रॅक्टर, जीप, उसाच्या ट्रकांचे मागचे दिवे आणि गेल्या काही वर्षांत विजेवर चालणाऱ्या गाड्या.

मी साताऱ्याला एका दैनिकात बातम्या तपासायच्या टेबलावर होतो. आवृत्ती बंद झाल्यावर पलूसला आलो. गॅरेजमध्ये मला ठरलेलं काम नव्हतं. फोन घ्यायचो, सुटे भाग मागवायचो, बाकी वेळ स्टुलावर बसायचो.

दोष शोधायची दादाची रीत तीन पायऱ्यांची होती आणि क्रम कधी बदलत नसे. आधी ऐकायचं, मग मीटर, मग बल्ब.

ऐकण्यासाठी त्याच्याकडे हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर होता. टोक मोटरच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. हे तो सैन्यात शिकला नव्हता. आमच्या शेतात बोअर होती आणि पाणी टाकीपर्यंत पोचायला वेळ लागायचा. स्टार्टर दाबला की वडील बोअरच्या पाइपला कान लावायचे. मोटर पाणी उचलते आहे, कोरडी फिरते आहे की नुसती गुरगुरते आहे, हे त्यांना तिथेच कळायचं. आमच्याकडे पाइपला कान लावायला कोणी कोणाला शिकवत नाही.

मीटर फक्त वीज तिथवर पोचली आहे एवढं सांगतो. काम सुरू झाल्यावर ती टिकते का, हे सांगत नाही. गंजलेल्या जोडातूनही मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवू शकतो. म्हणून तिसरी पायरी. मोटर काढून तिच्या जागी हेडलाइटचा बल्ब जोडायचा. लख्ख लागला तर तार चांगली. मिणमिणला तर वाटेत कुठेतरी जोड खराब आहे. या तिसऱ्या पायरीला एकच अपवाद होता. मीटरवर बारा व्होल्ट आहेत आणि मोटर पूर्ण गप्प आहे, असं असेल तर दादा बल्ब लावत नसे. वीज आहे, मोटर फिरत नाही, म्हणजे मोटर गेली. या तर्कात चूक नाही. आजही मला ती सापडत नाही.

मी आलो त्याच वर्षी सांगलीला दादाच्या कानांची तपासणी झाली. डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडून निम्म्यापर्यंत ती बरी होती, पुढे एकदम खाली घसरत गेली होती. जाड आवाज बरेचसे ऐकू येतील, बारीक आवाज हळूहळू जातील, जे गेले ते परत येणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. तोफांच्या जवळ किती वर्षं होता, हेही विचारलं. दादाने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. बसमध्ये बसल्यावर तो म्हणाला, "ज्या दिवशी फॉल्ट हुकंल त्या दिवशी शटर खाली."

वहिनी पलीकडच्या बाकावर होती. तिने ऐकलं. मीही ऐकलं. पुढे घरात या वाक्याचा उल्लेख कोणी केला नाही, पण आमचं सगळं वागणं त्याच्याभोवती बेतलेलं होतं.

कानाचं मशिन आणलं होतं. हातोड्याचा आवाज डोक्यात घुसतो म्हणून ते फ्यूजच्या खणात गेलं. मग वहिनीने एक पद्धत काढली. गिऱ्हाईक बोलू लागलं की ती मागच्या दारातून, हातातलं काम न सोडता, तेच वाक्य मोठ्याने स्वतःशी म्हणायची.

"इंडिकेटर लागत न्हाई व्हय? डाव्या अंगाचा?"

गिऱ्हाइकाला वाटायचं बाई भोचक आहे. एकाने तर तोंडावर म्हटलं, "वहिनी, गाडी तुमी दुरुस्त करता का दादा?" ती म्हणाली, "ह्यांचं हात, माजं तोंड. पहिल्यापास्नं असंच हाय."

ती घरात नसेल तेव्हा गिऱ्हाईक गेल्यावर दादा मला विचारायचा, "काय म्हणाला?" मी सांगायचो. शब्द न शब्द सांगायचो. एकदा वहिनी म्हणाली की भावजी जरा थोडक्यात सांगत जा. त्यावर दादा म्हणाला, "राहू दे. त्यो पेपरवाला हाय. त्यो पदरचं घालत न्हाई."

ती गाडी उन्हाळ्यात आली. चालवणारा माण तालुक्यातला, दहिवडीजवळच्या एका वाडीचा. घर मेंढपाळांचं. याने बरीच वर्षं मुंबईत टॅक्सी चालवली, मग गावी परत येऊन विजेवरची जुनी गाडी घेतली आणि दहिवडी ते फलटण, कधी सांगली, अशी भाड्याने चालवू लागला. त्याचा मोठा भाऊ दादाच्या पलटणीत होता, म्हणून इतक्या लांब पलूसला आला.

"चढाला लागली की कासव येतंय," तो म्हणाला.

"चढाला लागली की कासव येतंय व्हय?" मागून वहिनी.

"व्हय. मोगराळ्याच्या घाटात. म्होरच्या काचंवर आधी थर्मामीटरचं चित्र, मग कासवाचं. मग गाडी अशी चालती, की परवा आमच्याच वाडीची मेंढरं म्होरं गेली आन मी मागं. म्हातारं खिडकीत वाकून म्हणतंय, बस की मेंढरावर, लवकर पोचशील."

वहिनीने हे सगळं परत म्हणून दाखवलं, म्हाताऱ्यासकट. दादा हसला. मग तो बोनेट उघडून उभा राहिला.

अशा गाडीत बॅटरी आणि मोटर थंड ठेवण्यासाठी कूलंट फिरवावं लागतं. ते फिरवणारा पंप छोटा असतो, मुठीपेक्षा थोडा मोठा, आणि तो साध्या बारा व्होल्टवर चालतो. केशरी आवरणाच्या जाड तारांमध्ये जीव घेणारी वीज असते. त्यांना दादा हात लावत नसे. पंपाचा मार्ग वेगळा आणि साधा आहे: फ्यूज, रिले, एक येणारी तार, एक बॉडीला जाणारी अर्थिंगची तार आणि गाडीच्या कंट्रोल युनिटकडून, किती वेगाने फिरायचं तो हुकूम आणणारी तिसरी बारीक तार. पंप मंदावला की उष्णता वाढते, आणि गाडी स्वतःला वाचवण्यासाठी वेग तोडते. कासव त्याचंच.

गाडी चालू करून ठेवली. पंप खूप आत, प्लास्टिकच्या ट्रेच्या खाली. हात पोचत नव्हता. दादाने लांब स्क्रू ड्रायव्हर आत घातला, मूठ कानामागे टेकवली, डोळे मिटले.

मी त्याच्या उजव्या बाजूला उभा होतो. पंखा बंद होता. रस्त्यावर वाहन नव्हतं. मला पंप ऐकू येत होता. बारीक, डासासारखा आवाज, थोडा चढायचा, थोडा उतरायचा, मध्ये क्षणभर तुटायचा, परत यायचा. अडखळत होता, पण फिरत होता.

दादाने डोळे उघडले. "गप हाय," तो म्हणाला.

त्याने गाडीखालून कनेक्टर काढला, मीटर लावला. बारा पूर्णांक चार. त्याने तो आकडा मोठ्याने वाचला, मीटर गुंडाळला आणि गाडीवाल्याकडे वळून म्हणाला, "करंट हाय, पंप न्हाई. पंप मेलाय."

त्या वेळी मी काय विचार केला ते मला नेमकं आठवतं, कारण नंतर मी ते बऱ्याचदा तपासलं. पहिला विचार असा की परक्या माणसासमोर थोरल्या भावाला खोटं पाडायचं नाही. आमच्या घरात ते कधी झालेलं नाही. दुसरा विचार असा की तो बल्ब लावेलच. अपवाद मला माहीत होता. तरी मी तसं धरून चाललो. तिसरा विचार बसमधल्या त्या वाक्याचा होता. एकूण तीन-चार सेकंद गेले असतील. तेवढ्यात वहिनी मागून म्हणाली, "पंप मेलाय व्हय? मग नवा मागवा की." आणि मी फोन काढला.

नवा पंप पुण्याहून दोन दिवसांत आला. जुना दादाने काढला, पालथा घालून त्यातलं कूलंट निथळू दिलं, त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, चिठ्ठीवर "बंद" लिहिलं आणि फळीवर ठेवला. एरवी तो काढलेला भाग बॅटरीवर एकदा फिरवून बघायचा. पण हे पंप कोरडे फिरवायचे नसतात, आणि तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर आला.

आठ-दहा दिवस गाडी नीट चालली. कारण मला पुढे कळलं. पंप बदलताना तारा हलल्या, खराब जोड थोडा घासला गेला आणि तात्पुरता बरा झाला. त्या दिवसांत गाडीवाल्याने फोन करून सांगितलं की दादांचा हात देवाचा आहे. मी निरोप शब्दशः पोचवला.

मग गाडी मोगराळ्याच्या घाटात वळणावर थांबली. आत फलटणच्या दवाखान्यातून परतणारं एक जोडपं होतं. ते एसटीची वाट बघत उन्हात तासभर उभे राहिले. गाडीवाला दुसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याने म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली नाही. "दादा, लोकं आता फोन लावायच्या आदी इचारत्यात, जाणार का नक्की," एवढंच म्हणाला.

पुन्हा बोनेट, पुन्हा स्क्रू ड्रायव्हर. पुन्हा तोच आवाज, तसाच तुटणारा. या वेळी मी अर्धा टप्पा पुढे गेलो.

"दादा, एकदा बल्ब लावून बघूया?"

"बल्ब कशाला? पंप फिरतच न्हाई." तो चिडला नव्हता. समजावून सांगत होता. "हे बघ. पंप नवा. नवा मरत न्हाई. करंट हाय. मंजी पंपाला हुकूम येत न्हाई. युनिटात खोट हाय. ते आपल्या हातातलं न्हाई गड्या, त्याला कंपनीचा कॉम्प्युटर लागतो."

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मला ऐकू येतंय. तीन शब्द. बातमीच्या टेबलावर मी याहून कठीण दुरुस्त्या याहून मोठ्या माणसांच्या मजकुरात केलेल्या आहेत. मी मागच्या दाराकडे पाहिलं. वहिनी तिथे उभी होती, हात पिठाचे, आणि ती मान हलवून नको म्हणत होती. तिलाही पंप ऐकू येत होता.

गाडी साताऱ्याच्या एका मोठ्या वर्कशॉपला न्यायची ठरली. मला शहर माहीत म्हणून मी सोबत गेलो. कऱ्हाडमार्गे सपाट रस्त्याने, सकाळच्या गारव्यात. कासव आलं नाही.

तिथे गाडी एका तंत्रज्ञ बाईंकडे आली. पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी कॉम्प्युटर लावला, वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "यावर विश्वास नाही. आधी लोड देऊन बघू." ट्रे उघडून पंपाचा कनेक्टर काढला आणि त्याच्या जागी हेडलाइटचा बल्ब जोडला. बल्ब मिणमिणला. मग अर्थिंगची तार बाजूला ठेवून बल्बचं ते टोक त्यांनी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. बल्ब लख्ख लागला. एवढ्यावरून दोष अर्थिंगच्या तारेत आहे हे ठरलं. ट्रेच्या खाली तिचा बोल्ट होता. त्यावर खडीसाखरेसारखा पांढरा थर.

"गाडी कशाने धुता?"

"डाळिंबावर फवारायच्या पंपानं," गाडीवाला म्हणाला. "बॉनेट उघडून आतून बी. धूळ लय असती आमच्याकडं."

"पाणी?"

"बोअरचं."

"मचूळ?"

"आवं, मानसंच ते पितात," तो म्हणाला. "गाडीला काय हुतंय म्हटलं."

त्यांनी बोल्ट काढला, पॉलिश पेपरने घासला, ग्रीस लावून घट्ट केला. एक चहा होईपर्यंत काम संपलं.

परतताना उंब्रजच्या पुढे गाडीवाल्याने विचारलं, "मग दादांना काय सांगायचं?"

"युनिटचाच दोष निघाला म्हणून सांगू."

त्याने मागच्या ट्रकला वाट दिली. "सांगा," तो म्हणाला. "माजं आता काय न्हाई. गाडी चालतीया."

मी घरी आल्यावर दादाने विचारलं, "काय म्हणाले?" मी सांगितलं. युनिटचा दोष. दादाच्या निदानावर ते लोक खूश झाले, असंही सांगितलं. वहिनीने तव्यावरची भाकरी उलटली.

"युनिट बदललं का कॉम्प्युटरनं नीट केलं?"

"कॉम्प्युटरने."

त्याने मान हलवली. हात धुतले, जेवायला बसला, दोन घास खाल्ले आणि थांबला. "मग पयला पंप कशानं गेला?"

मी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"हुकूम येत नव्हता तर पंप मरंल कसा? हुकूम न आल्यानं कोण मरत न्हाई."

तो ताटावरून उठला नाही. जेवण पूर्ण केलं, ताट सारलं, मग गॅरेजमध्ये गेला. मी मागे गेलो. खोटी बातमी जुळवताना पुढचा प्रश्न काय येईल ते बघावं लागतं. मी ते बघितलं नव्हतं.

दुपारचं ऊन शटरच्या आतपर्यंत आलं होतं. दादाने फळीवरून चिठ्ठीचा पंप काढला. बादलीत पाणी घेतलं, पंप त्यात बुडवून धरला, दोन तारा जोडल्या. तिसरी येणाऱ्या तारेलाच बांधली. तसं केलं की हा पंप त्यालाच पूर्ण वेगाचा हुकूम समजतो. मग तारांची टोकं बॅटरीला लावली.

पंपाच्या तोंडातून पाण्याची धार सुटली. बादलीच्या कडेवर आपटून ती वर आली आणि त्याच्या दंडापर्यंत भिजवून गेली. पाणी गोल फिरू लागलं.

दादा पाण्याकडे पाहत राहिला. मग त्याने मान झुकवून कान बादलीजवळ नेला. डावा, मग उजवा. मग खणातून कानाचं मशिन काढलं, फुंकर मारून लावलं, आणि पुन्हा वाकला. मशिनची बॅटरी कधीच संपलेली होती. तो सरळ झाला.

"आवाज येतोय?"

"येतोय."

"कसा?"

मी सांगितलं. बारीक, डासासारखा, सलग.

"त्या दिवशी येत हुता?"

"हो. मध्ये मध्ये तुटत होता."

"दुसऱ्यांदा?"

"तेव्हाही."

त्याने तारा सोडल्या. पाणी थोडा वेळ फिरत राहिलं आणि थांबलं. मागच्या दारात वहिनी उभी होती. त्याने तिला काही विचारलं नाही. पंप फडक्याने पुसला, चिठ्ठीवरचा "बंद" शब्द खोडला, त्याखाली "चालू" लिहिलं. अक्षर नेहमीचं, वळणदार. मग विचारलं, "अर्थिंग हुतं?"

"हो. बोल्टला क्षार धरला होता."

"बल्बानं काढलं?"

"हो."

"मंजी बल्ब लावाय पायजे हुता," तो म्हणाला. मला नाही, पंपाला म्हणाल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी शटर उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी बोर्ड उतरवला. वहिनीने विरोध केला नाही. मी एकदा म्हणालो की ऐकायचं काम मी करतो, तू मीटर आणि बल्ब कर, काम चालेल. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला ऐकू आलं की नाही ते सांगता येत नाही. त्याने उतरवलेला बोर्ड भिंतीला पालथा टेकवला.

गाडीवाला महिन्याने आला. बंद शटर बघून घराच्या दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, कासव गेलं बघा. घाटात आता मेंढरं मागं." वहिनीने सवयीने मोठ्याने म्हटलं, "कासव गेलं व्हय?" दादाने मान हलवली आणि त्याला बसायला खुर्ची पुढे केली.

तो गेल्यावर मी वाट पाहिली. दादा "काय म्हणाला?" असं विचारेल म्हणून. पूर्वी तो नेहमी विचारायचा. त्याने खुर्ची उचलून जागेवर ठेवली.

आता घरी कोणी आलं, काही बोललं, की तो मान हलवतो. हसायचं असेल तिथे समोरचा हसला की हसतो. नंतर मला विचारत नाही, वहिनीलाही विचारत नाही. लांब स्क्रू ड्रायव्हर खिडकीच्या तुटलेल्या कडीच्या जागी अडकवलेला आहे. मागच्या पडवीत पाण्याची मोटर आहे. ती सुरू झाली की तिचा आवाज घरभर येतो, आणि टाकी भरून पाणी वाहू लागलं की दादा ते पाहून बंद करायला उठतो.